वाचकांचे प्रश्न: कॅम्परव्हॅन, एका दिवसाची आणि एका रात्रीची

कॅम्परव्हॅनबद्दल, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय केलेल्या गाडीबद्दल, या महिन्यात आलेल्या प्रश्नांत लडाखचा एकही नाही. सगळ्यांना शनिवारी निघून रविवारी घरी यायचं आहे, काहींना तर रात्रीच्या जेवणालाच परत पोचायचं आहे. हा वापर वेगळा, त्याचं सामानही वेगळं. महिनाभराच्या प्रवासासाठी सुचवलेल्या वस्तूंपैकी निम्म्या अशा सहलीत नुसत्या वजन वाढवतात.

आमच्याकडे पाच आसनी छोटी व्हॅन आहे. एरवी ती घरची गाडी म्हणूनच वापरतो. मागची सीटं काढून कायमचा पलंग, ओटा, कपाटं बसवून घेऊ का? (वाचक, पुणे)

नको. पहिलं कारण कायद्याचं. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. सीटं कायमची काढून फर्निचर बसवलं की आसनसंख्या बदलते. आरटीओची आधी परवानगी आणि मग आरसीवर नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. दुसरं कारण साधं आहे. सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडायला हीच गाडी लागणार.

तुम्हाला हवी वर गादी टाकून झोपता येईल अशी, उचलून काढता येणारी पेटी. मागचं सीट दुमडा, पुढची सीटं पूर्ण पुढे सरकवा आणि मागच्या दारापर्यंतची लांबी टेपने मोजा. आपल्या उंचीपेक्षा चार इंच जास्त मिळाली तर पाय सरळ करून झोप होते. कमी पडली तर पेटीला पुढे बिजागरीवर दुमडणारी फळी जोडायची. प्लाय १२ मिमीचा पुरतो. सुतार १८ मिमीचाच आग्रह धरतील, कारण त्यांच्या डोक्यात घरातला दिवाण असतो. पण आठ बाय चार फुटांची १२ मिमीची शीट साधारण २३ किलो भरते, १८ ची ३५ किलो. दोन शीटांत २४ किलोचा फरक पडला, म्हणजे वीस लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन नि वर थोडं. मजबुतीसाठी जाडी वाढवण्यापेक्षा आत दर दीड फुटावर उभी आडफळी द्या. वरचा पृष्ठभाग सलग न ठेवता तीन इंची पट्ट्या बोटभर अंतर सोडून ठोका. गादीला खालून हवा लागली नाही तर पावसाळ्यात महिन्याभरात खालच्या बाजूने काळे ठिपके येतात. गादी चार इंची फोमची, तीन तुकड्यांत शिवून घ्या. दिवसा तेच तुकडे बैठक आणि पाठ म्हणून वापरता येतात.

पेटी गाडीच्या मूळ हुकांना किंवा सीटबेल्टच्या बोल्टजवळच्या कड्यांना रॅचेट पट्ट्यांनी (खटक्याने आवळत जाणाऱ्या) चारही बाजूंनी आवळा. नुसती ठेवलेली ४५ किलोची पेटी जोराच्या ब्रेकला पुढच्या सीटच्या पाठीत घुसते. पलंगावर चालत्या गाडीत कुणी बसायचं वा झोपायचं नाही, "घाट संपेपर्यंत जरा आडवी होते" हेसुद्धा नाही.

वजनाचा हिशेबही एकदा करा. आरसीवर वा मॅन्युअलमध्ये रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा दिलेली असते. दोन्हींतला फरक म्हणजे माणसं धरून तुमच्या वाट्याचं वजन. दोन माणसं १४०, पेटी ४५, गादी ८, पाणी २०, बॅटरी १२, भरलेला फ्रिज २५, भांडी-कपडे ३०, म्हणजे २८० किलो झाले. दोघांना चालून जातं. याच सामानावर आणखी तीन माणसं चढली की मागचे टायर बसतात, आणि वरंधा घाट उतरताना ब्रेकचा वास आला की मग हा हिशेब आठवतो. सामान भरून एकदा वजनकाट्यावर गाडी चढवा. वाळूच्या ट्रकांमध्ये तुमची व्हॅन पाहून काट्यावरचे लोक हसतील, हसू द्या.

फ्रिज, पंखा, दिवे आणि शक्य झालं तर एसी. बॅटरी किती आणि सोलर किती? (वाचक, नाशिक)

मागणी आधी लिहून काढा. शनिवारी सकाळी निघून रविवारी सकाळपर्यंत, चोवीस तास धरू. चाळीस लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ ते ५० वॅट घेतो. बाहेर पस्तीस अंश असताना तो साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे सरासरी २५ वॅट, दिवसाला ६०० वॅट-तास. पंधरा वॅटचा पंखा नऊ तास, १३५. चार वॅटचे दोन दिवे चार तास, ३२. दोन मोबाइल, ३०. एकूण आठशेच्या आसपास.

शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात आणि त्यांतले हजार निर्धास्त वापरता येतात. काम झालं, सोलरची गरज नाही. हेच घरच्या इन्व्हर्टरच्या जातीच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर करायला गेलात, तर शंभर अँपिअर-तासांतले निम्मेच वापरावेत असा नियम आहे, म्हणजे ६००. पहाटे फ्रिज बंद पडलेला असेल. शिवाय तिचं वजन लिथियमच्या अडीच-तीन पट, आणि चार्ज होताना वायू सोडते म्हणून झोपायच्या जागेत ती ठेवायचीच नाही.

बॅटरी भरायची गाडी चालवता चालवता. त्यासाठी ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावा, म्हणजे गाडीच्या पुढच्या बॅटरीकडून वीज घेऊन ही बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा. तासाभराच्या ड्रायव्हिंगला पंचवीस-तीस अँपिअर-तास परत मिळतात. नाशिकहून भंडारदऱ्याला जाऊन येण्यात बरीचशी भरपाई होते, उरलेलं घरी आल्यावर प्लगवर. गॅरेजवाले सांगतात, "कशाला चार्जर, पुढच्या बॅटरीवरून सरळ वायर ओढतो." ऐकू नका. बीएस-६ च्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज मधूनमधून खाली येतो, त्यामुळे लिथियम कधी पूर्ण भरत नाही. उलट ती रिकामी असेल तर अल्टरनेटरला झेपणार नाही एवढा करंट खेचते आणि तो तापून जळतो. आणि सरळ जोडलेल्या वायरीत मध्ये स्विच नसला की रात्रभर फ्रिज पुढच्याही बॅटरीवर चालतो, सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो.

वायरीची जाडी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. बोनेटपासून मागच्या पेटीपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. एवढ्या अंतरात ३० अँपिअर नेताना ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत सुमारे १.३ व्होल्ट वाटेतच गळतात आणि वायर गरम होते. १६ चौरस मिमी घेतली तर गळती ०.३ वर येते. दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात, ४० अँपिअरचा फ्यूज हवाच. जोड क्रिंप केलेल्या लगांचे, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या टोप्यांचे. पिळून टेप गुंडाळलेला जोड घरात वर्षानुवर्षं टिकतो, गाडीत खडखडाटाने सहा महिन्यांत सैल होतो आणि सैल जोडातूनच आगी लागतात.

एसीबद्दल स्पष्टच सांगतो. बारा व्होल्टचा लहान एसीही सुरू असताना पाचेकशे वॅट घेतो. मधूनमधून थांबत आठ तास चालला तरी २४०० वॅट-तास, म्हणजे वरच्यासारख्या तीन बॅटऱ्या. एका रात्रीसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा १५ अँपिअरचा प्लग मिळेल अशा ठिकाणी मुक्काम करा, नाहीतर उंचावर जा. दुपारी तीनपासून गाडी सावलीत उभी राहिली तर रात्री आत झोपवतं. पंखा बाहेरची हवा आत ढकलेल असा न लावता आतली गरम हवा बाहेर फेकेल असा वरच्या बाजूला लावा आणि समोरची, उशाजवळची खिडकी तीन बोटं उघडी ठेवा. झुळूक अंगावरून जाते.

आणि हो, फक्त एका रात्रीसाठी फ्रिजही लागत नाही. पाण्याच्या एक लिटरच्या चार बाटल्या तीन-चतुर्थांश भरून आदल्या दिवशी डीप फ्रीजरमध्ये घट्ट गोठवा आणि चांगल्या आइसबॉक्सात तळाला दोन, वर दोन ठेवा. दही, पनीर, लोणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थंड राहतं, नंतर तेच पाणी प्यायचं. वरचा आठशेचा हिशेब मग दोनशेवर येतो.

सासूबाईंचं वय ७८. गुडघे दुखतात आणि वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नाही म्हणून त्या कुठेच यायला तयार नसतात. त्यांना दिवसभरासाठी बाहेर नेता येईल अशी सोय गाडीत होईल का? (वाचक, ठाणे)

या पत्राने आम्हाला फार बरं वाटलं, कारण व्हॅनचा खरा उपयोग हाच. मुक्काम हॉटेलातही होतो. पण भर दुपारी नदीकाठी म्हाताऱ्या माणसाला तासभर आडवं होता येणं, दार लावून निवांत टॉयलेटला जाता येणं, हे दुसऱ्या कुठल्या गाडीत होत नाही.

पोर्टेबल टॉयलेट दोन मजली असतं. वर धुण्याच्या पाण्याची टाकी, खाली साधारण वीस लिटरची मैल्याची, मध्ये सरकती झडप. एका माणसाच्या दिवसभराच्या वापरात खालची टाकी पावही भरत नाही. निघण्यापूर्वी खालच्या टाकीत दोन लिटर पाणी आणि पोर्टेबल टॉयलेटसाठी मिळणारं द्रावण बाटलीवर लिहिलंय तेवढं घाला. द्रावण फॉर्मल्डिहाइड नसलेलं घ्या, नाहीतर रिकामं करताना घराच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. रिकामं करायचं ते संडासातच. ओढ्यात नाही, शेतात नाही.

दोन गोष्टी हमखास चुकतात. एक उंची. बाजारातली बरीच मॉडेलं बसायला तेरा ते सोळा इंच उंच असतात, घरचा कमोड सतरा-अठरा. गुडघेदुखीला हा दोन-तीन इंचांचा फरक फार मोठा. खाली तेवढ्या उंचीचा लाकडी पाट करून तो जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधा, आणि उजव्या हाताला, बसल्यावर कोपराच्या पातळीला, एक आडवी दांडी लावा. दांडी गाडीच्या सांगाड्यात पकडलेली हवी. पत्र्यात स्क्रूने लावलेली दांडी पहिल्याच ओढीला हातात येते.

दुसरी चूक घाटात कळते. ठाण्याहून महाबळेश्वरला चढलात की साडेतेराशे मीटर वर येता. बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, टाकीतला तसाच राहतो. वर पोचल्यावर झडप एकदम सरकवली तर शिंतोडे उडतात. आधी हवा सोडायचं बटण दाबा, फुस्स झालं की मग झडप उघडा. हे काम सासूबाईंवर सोडू नका, आधी तुम्ही करा.

एवढा खर्च नको असेल तर सर्जिकल दुकानात मिळणारी कमोड खुर्चीही चालते. भांड्यात जाड पिशवी, पिशवीत दोन मुठी लाकडाचा भुसा आणि वापरानंतर आणखी एक मूठ. गाठ मारून झाकणाच्या डब्यात ठेवा, घरी नेऊन डायपरसारखी वेगळी गुंडाळून कचऱ्यात द्या. भोवती जाड, गडद पडदा हवा. दिवा आत लागला की पातळ पडद्यावर सावली दिसते, आणि मग त्या पुन्हा यायच्या नाहीत.

गाडीत चढायला घडीची पायरी घ्या, सात-आठ इंचांची, वर खरखरीत रबर असलेली. आडवं व्हायला दोन फूट रुंदीची बैठक पुरते.

गाडीतच स्वयंपाक करावा का? आमच्याकडे पाच किलोचा सिलिंडर आहे. (वाचक, कोल्हापूर)

दिवसाच्या सहलीला मोठा स्वयंपाक करूच नका. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात घरून आणा. गाडीत करायचा तो चहा आणि फार तर ऑम्लेट किंवा मॅगी. अर्धा लिटर पाणी उकळायला नुकसान धरून पन्नास-साठ वॅट-तास लागतात, म्हणजे वरची बॅटरी आणि किटलीला पुरेल असा इन्व्हर्टर असेल तर इलेक्ट्रिक किटलीवरही चहा होतो.

गॅस वापरायचाच तर दार उघडून, गाडीबाहेर, मागच्या दाराच्या आडोशाला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, पलंगाखाली साचतो, वासही उशिरा येतो. व्यावसायिक बनावटीत म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारं भोक असतं. तसा बंदिस्त कप्पा नसेल तर पाच किलोचा सिलिंडर व्हॅनमध्ये नको. दोन-सव्वादोनशे ग्रॅमचा ब्यूटेनचा कॅन दोन माणसांच्या दोन दिवसांच्या चहाला पुरतो. पण तो मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत सोडून जाऊ नका. कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि बंद गाडी ती सहज ओलांडते. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लावताना तो बर्नरभोवतीच, कॅनभोवती नाही.

थंडीत उबेसाठी आत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणं म्हणजे मरण ओढवून घेणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. खिडकी किंचित उघडी आहे ही सबब चालत नाही. रबराची गरम पाण्याची पिशवी आणि सोलापुरी चादरीवर एक रजई, एवढ्यावर पाचगणीचा जानेवारी निघतो.

रात्री गाडी लावायची कुठे? (वाचक, डोंबिवली)

यावर सहल ठरते, गाडीवर नाही. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण म्हणून जिथे तिथे गाडी उभी करून झोपायला परवाना मिळाला असं नाही.

सगळ्यांत सोपं म्हणजे कृषी पर्यटन केंद्र. फोन करून विचारा, "खोली नको, अंगणात गाडी लावू, संडास-बाथरूम वापरू आणि जेवण तुमच्याकडेच." जेवणाचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी हो मिळतं. एमटीडीसीच्या निवासांत व्यवस्थापकाशी बोलून वाहनतळात जमतं का ते आधीच ठरवा. देवस्थानांची भक्तनिवासं आहेतच. गावात थांबायचं तर पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटून सांगा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि मग रात्री अकरा वाजता काचेवर टकटक होत नाही.

अभयारण्यात, राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांनी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे नियम पाहून, मुक्काम गावात करावा. धरणाच्या पाण्याकाठची सपाट जागा मोहक दिसते, पण वरच्या भागात पाऊस झाला की पाणी रात्रीत चढतं. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दोन्हींना बंदी आहे. कोकणातही वाळूत गाडी घालू नका. भरतीच्या रेषेखालची वाळू वरून सिमेंटसारखी कडक दिसते, चाक थांबलं की खालून सुटते, आणि पुढची भरती साडेबारा तासांच्या आत येते.

मुक्कामी उजेड असेपर्यंत पोचा, पाचपर्यंत. झाडं, तारा, उतार, डासांचं डबकं हे सगळं दिवसाच दिसतं. शुक्रवारी रात्री बोरघाटात अडकण्यापेक्षा शनिवारी पहाटे साडेपाचला निघणं केव्हाही बरं.

पावसाळ्यात सकाळी आतून काचा वाहतात, गादी दमट होते. गाडी गळते का? (वाचक, रत्नागिरी)

बहुधा तुम्हीच गळताय. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून अर्धा लिटर ते लिटरभर पाणी हवेत सोडतात, ते थंड काचेवर जमतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा, त्यांवर पावसाच्या पट्ट्या लावा आणि आतून डासांची जाळी. ओले रेनकोट आत वाळत घालू नका, पुढच्या सीटखाली बादलीत ठेवा. काचेला आतून फोमचं झाकण लावलं तर थेंब कमी होतात, थांबत नाहीत.

गळतीची शंका असेलच तर कोरड्या दिवशी एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने बाहेरून पाइपाचं पाणी खालून वर सरकवत मारावं, प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि भोक सापडत नाही. बहुतेक वेळा दोषी असतात ते छतावरच्या रेलिंगचे बोल्ट आणि सोलरसाठी पाडलेली भोकं. बुजवायला पॉलियुरेथेन सीलंट वापरा. सिलिकॉनच्या थरावर नंतर काहीही चिकटत नाही. कोकणात उतारालगत, ओढ्याच्या पात्रात आणि नारळाखाली गाडी लावायची नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

भाड्याने घेताना काय बघावं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आधी नंबरप्लेट. चालकासह भाड्याची गाडी पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, स्वतः चालवायची भाड्याची काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. मग मालकासमोर फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप पाच मिनिटं एकत्र चालवून बॅटरीचा व्होल्टेज बघा, पलंग एकदा स्वतः उघडून मिटा आणि स्टेपनी, जॅक, पाना आहे का ते पाहा. गाडीची उंची विचारून डॅशबोर्डवर चिकटवा. छतावर एसी असला की गावातल्या कमानी आणि लोंबत्या तारा आडव्या येतात.

पाण्याच्या टाकीला वास येतो. (वाचक, सातारा)

महिन्यातून एकदाच जाणार असाल तर टाकी नकोच, वीस लिटरचा कॅन घ्या. घरी आल्यावर रिकामा करून, झाकण उघडं ठेवून, उलटा वाळवा. दोघांना एका रात्रीला पिणं, स्वयंपाक, हात-तोंड आणि भांडी धरून पंधरा ते वीस लिटर पुरतात. भांडी आधी कागदाने पुसून घेतली तर चार लिटर वाचतात.